कुत्र्यामांजरांची नर्स

‘‘या वयात तू कुत्र्यामांजरांची नर्स होणार?’’ आईनं फोनवर विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता, नवल होतं. मागून अण्णांचा आवाज आला, ‘‘नर्स नव्हे गं, कंपौंडर म्हण. गुरांच्या दवाखान्यातला कंपौंडर!’’ आणि दोघंही हसली. मीही हसले. सातासमुद्रापलीकडे बसून दुसरं काय करणार?

ही गोष्ट २०१५ सालच्या ऑगस्टमधली. मी तेव्हा एकेचाळीस वर्षांची होते. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात वाढलेली, बी.कॉम. झालेली, आणि लग्न होऊन २००१ साली कॅलिफोर्नियात आलेली. नवऱ्याच्या व्हिसाच्या आधारानं आलेल्या बाईला इथं शिकायची परवानगी होती, नोकरीची नव्हती. (२०१५ पासून अशा काही बायकांना नोकरीचा परवाना मिळू लागला.) शिकण्याची ती परवानगी मी वापरली नाही. मुलगी झाली, तिची शाळा, नाच, पोहणं, महाराष्ट्र मंडळाचा गणपती, अशी वर्षं गेली. मुलगी आठवीत गेल्यावर दुपारची घरात करमेना, म्हणून गावातल्या प्राण्यांच्या आश्रयस्थानात आठवड्यातून दोन दिवस फुकट काम करू लागले. आपल्याकडच्या पांजरपोळाचीच ही एक तऱ्हा, फक्त गाईंऐवजी कुत्री आणि मांजरं. मी पिंजरे धुवायची, टॉवेलांच्या घड्या घालायची. तिथं एक तरुण मुलगी थरथरणाऱ्या म्हाताऱ्या कुत्र्याच्या पायातली शीर एका क्षणात शोधून रक्त काढायची, आणि कुत्र्याला पत्ताही लागायचा नाही. हे कुठं शिकलीस, असं मी विचारलं. ती म्हणाली, ‘‘कम्युनिटी कॉलेजात. तुम्हीही शिकू शकता.’’

हा ‘कम्युनिटी कॉलेज’ प्रकार आपल्याकडच्या वाचकांना जरा समजावून सांगायला हवा, कारण अमेरिकेतल्या शिक्षणाचा विषय निघाला की आपण हार्वर्ड आणि स्टॅनफर्डच्या खाली उतरत नाही. ही दोन वर्षांची, सरकारी पैशावर चालणारी, जवळपास कुणालाही प्रवेश देणारी कॉलेजं. त्यांतलं सर्वांत जुनं सार्वजनिक कॉलेज इलिनॉय राज्यात जोलिएट इथं १९०१ साली निघालं. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ साली, राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगानं अशा कॉलेजांचं जाळं देशभर पसरावं असं सुचवलं आणि ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव रूढ झालं. कॅलिफोर्नियानं १९६० साली उच्च शिक्षणाची जी योजना आखली तिच्यात सर्वांत हुशार आठवा हिस्सा मुलांसाठी एक विद्यापीठ, वरच्या एकतृतीयांशांसाठी दुसरं, आणि ज्याला म्हणून शिकून फायदा होईल अशा सगळ्यांसाठी कम्युनिटी कॉलेजं, अशी सरळ वाटणी केली. आज या एका राज्यात अशी ११६ कॉलेजं आहेत. १९८४ पर्यंत तिथं फीच नव्हती! आता राज्यातल्या रहिवाशाला एका युनिटला ४६ डॉलर पडतात, आणि दोन वर्षांच्या पदवीला साधारण साठ युनिटं लागतात. अमेरिकेच्या मानानं हे जवळजवळ फुकटच.

आणि प्राण्यांविषयी शिकायचं तर या कॉलेजांना तोड नाही. लॉस एंजेलिसच्या वुडलंड हिल्स भागातलं पिअर्स कॉलेज १९४७ साली शेतकी शाळा म्हणूनच सुरू झालं. व्हेंचुरा काउंटीतल्या मूरपार्क कॉलेजात १९७४ पासून वन्य प्राण्यांची निगा आणि शिक्षण यांचा अभ्यासक्रम आहे आणि त्यासाठी आवारातच प्राणिसंग्रहालय आहे. मुलीला घेऊन मी ते पाहायला गेले होते. झाडू, बादली घेऊन फिरणारी, खाणं चिरणारी, आणि मग हात धुऊन आम्हा पाहुण्यांना माहिती देणारी सगळी माणसं विद्यार्थीच. मुलगी म्हणाली, ‘‘आई, तू इथं ये.’’ पण ते घरापासून पाचेक तासांच्या अंतरावर. मी घराजवळचं कॉलेज आणि पशुवैद्यकीय तंत्रज्ञाचा अभ्यासक्रम निवडला. पशुवैद्य म्हणजे डॉक्टर. तंत्रज्ञ म्हणजे रक्त काढणारा, क्ष-किरण चित्र घेणारा, डॉक्टरांच्या देखरेखीखाली भूल देणारा, टाके घालणारा. निदान करायचं नाही, औषध लिहून द्यायचं नाही, शल्यक्रिया करायची नाही. बाकी सगळं करायचं. तेव्हा अण्णांचा ‘कंपौंडर’ अगदीच चुकीचा नव्हता.

पहिल्या दिवशी वर्गात शिरले तर एका बाजूला एकोणीस वर्षांची, आईवडील मेक्सिकोतून आलेली मुलगी, दुसऱ्या बाजूला इराकमध्ये लढून आलेला एक दाढीवाला जवान आणि पुढच्या बाकावर सत्तरीतले एक निवृत्त टपालवाले आजोबा. माझ्या वयाचं कुणाला काही वाटलं नाही. वाटलं ते मलाच. वीस वर्षांनी पेन धरून पन्नास मिनिटं सलग लिहायचं म्हणजे बोटं आखडतात, आणि डोकं त्याहून जास्त. बी.कॉम.ला जीवशास्त्र कुठलं! दहावीत बेडकाची आकृती काढली होती तेवढीच पुंजी. पहिल्या चाचणीत शंभरात एकसष्ट गुण पडले. उत्तरपत्रिका मी गाडीच्या डिकीत स्टेपनीखाली लपवून ठेवली. मुलीनं ती शोधून काढली आणि फ्रीजवर चुंबकानं लावली, अगदी मी तिच्या लावायची तशी.

शरीररचनेच्या वर्गात प्रत्येक चौघांत एक मांजर मिळालं. औषधात मुरवलेलं, धमन्यांत लाल आणि शिरांत निळं रबर भरलेलं. मी शाकाहारी घरातली असले तरी रक्तामांसाचा मला तिटकारा नव्हता. आश्रयस्थानात बरंच काही पाहिलं होतं. पण झाकण काढलं आणि राखाडी पट्ट्यांचं ते अंग दिसलं तेव्हा मी सरळ बाहेर पडले आणि जिन्यात जाऊन बसले. जवान मागून आला. काही न बोलता एक पायरी सोडून बसला. दहा मिनिटांनी म्हणाला, ‘‘आत जाऊ या. कातडी मी काढतो, तू नावं वाच.’’ पुढे सगळं सत्र आम्ही असंच केलं आणि शेवटी शेवटी कातडीही मीच काढू लागले. मी जिन्यात का बसले होते हे त्यानं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

ते आता सांगते. आमच्या घरी ठमी नावाची मांजर होती. राखाडी, अंगावर काळे पट्टे. १९८४ सालच्या पावसाळ्यात, मी दहा वर्षांची असताना, एका बोक्याशी तिची जुंपली आणि मागच्या पायाजवळ चावा लागला. दोन दिवसांनी ती जिन्याखाली पोत्यावर पडून राहिली. अंग कढत. मी आईला सांगितलं नाही. सांगितलं तर तिला पोत्यात घालून नदीपलीकडे सोडतील अशी माझी समजूत होती. दुसऱ्या दिवशी अण्णांच्याच लक्षात आलं. गावात गुरांचा दवाखाना होता, पण तिथं बैल आणि म्हशी जायच्या. मांजर घेऊन गेलं असतं तर गाव हसलं असतं. अण्णांनी तापाची पांढरी गोळी काढली, निम्मी चमच्यानं चुरली, दुधात कालवली आणि स्वतःच्या मांडीवर घेऊन ठमीला पाजली. कचेरीतून येणारा हा कडक माणूस त्या दिवशी तिच्याशी बोबडं बोलत होता. संध्याकाळपर्यंत तिचं तोंड सुजलं, पंजे सुजले. धाप लागली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. परसात पेरूच्या झाडाखाली तिला पुरलं.

आई तेव्हा म्हणाली, ‘‘गोळी द्यायला उशीर झाला. ही आधी बोलली असती तर वाचली असती बिचारी.’’ तिनं ते रागानं म्हटलं नव्हतं. पण नंतर कितीतरी वर्षं, कुठल्याही कामात मी चालढकल केली की घरात ‘‘ठमीसारखं नको करूस’’ म्हणायची पद्धत पडली. म्हणणारे विसरून जायचे. ऐकणारी विसरली नाही.

असो. पुन्हा वर्गात येते.

पहिलं वर्ष रडतखडत गेलं. दुसऱ्या वर्षी मात्र माझी कॉलर ताठ झाली, त्याचं कारण आजोबांचे पाढे. औषधाची मात्रा काढायची म्हणजे आधी पौंडांचे किलो करायचे, मग किलोला अमुक मिलिग्रॅम. अमेरिकन पोरं पौंडांत वाढलेली, त्यांची इथंच दांडी उडायची. मला आजोबांनी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी सगळं घोकून घेतलेलं. तेहेतीस पौंडांचा कुत्रा म्हणजे पंधरा किलो, किलोमागे साडेतीन मिलिग्रॅम, तर पंधरा औटं साडेबावन्न! बाकीचे यंत्र शोधेपर्यंत मी उत्तर लिहून मोकळी. एकोणीस वर्षांच्या त्या मुलीनं मला औटकी कागदावर उतरवून मागितली होती. तरीही एकदा मी टिंबाआधी शून्य लिहिलं नाही, नुसतं ‘.५’ लिहिलं, म्हणून बाईंनी सगळे गुण कापले. मी हुज्जत घातली. त्या म्हणाल्या, ‘‘टिंब पुसट झालं की अर्ध्याचे पाच होतात. दहापट. तुला गुण हवेत की कुत्रा?’’

याच बाईंनी आम्हाला आधी हिरड्या बघायला शिकवलं होतं. जनावर बोलत नाही. ओठ वर करा आणि रंग बघा. गुलाबी असेल तर ठीक. बोटानं दाबून सोडलं की दोन सेकंदांच्या आत रंग परत यायला हवा. पांढरट म्हणजे रक्त गेलंय किंवा धक्का बसलाय. निळसर म्हणजे प्राणवायू कमी. पिवळ्या दिसल्या तर यकृताकडे बघा, किंवा रक्तपेशी फुटताहेत का ते बघा. आणि चॉकलेटी, तपकिरी असतील तर विषबाधेचा संशय घ्या. शल्यक्रिया चालू असताना दर पाच मिनिटांनी हे टिपून ठेवायचं, नाडी, श्वास, रक्तदाब आणि ताप यांच्या जोडीला. मी टिपण घेत होते. ‘तपकिरी’ लिहिताना पेन जरा थांबलं, एवढंच.

औषधशास्त्राचा तो तास २०१७ च्या वसंतात झाला. विषय होता, एका प्राण्याचं औषध दुसऱ्याचं विष कसं होतं. बाईंनी सुरुवात भारतापासून केली, आणि वर्गानं माझ्याकडे बघितलं. आपल्याकडची गिधाडं नव्वदीच्या दशकात झपाट्यानं नाहीशी होत गेली. कोट्यवधी होती ती काही हजारांवर आली. कारण सापडलं ते २००४ साली प्रसिद्ध झालं. गाईबैलांच्या दुखण्यावर देतात ते डायक्लोफिनॅक. बैलाला त्यानं आराम पडायचा, पण तो मेल्यावर त्याचं मांस खाणाऱ्या गिधाडाची मूत्रपिंडं निकामी व्हायची. भारत सरकारनं २००६ साली जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी घातली. लहानपणी गावाबाहेर मेलेल्या बैलाभोवती बसलेली ती उघड्या मानेची पाखरं मी पाहिली होती. कुठं गेली, असा प्रश्नही मला कधी पडला नव्हता.

मग बाईंनी फळ्यावर लिहिलं: मांजर आणि पॅरासिटॅमॉल. इथं त्याला वेगळं नाव आहे, पण गोळी तीच, घराघरातली. माणसाच्या यकृतात ही गोळी पोचली की तिच्यातल्या बऱ्याचशा भागाला एक साखरेच्या जातीचा रेणू चिकटवला जातो आणि ते जोडपं लघवीवाटे निघून जातं. हे चिकटवण्याचं काम करणारं विकर तयार करायचं जनुक मांजरात निकामी आहे. घरच्या मांजरातच नव्हे, वाघसिंहांतसुद्धा. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात सगळ्या मार्जारकुळात ते तसंच आढळलं. नुसत्या मांसावर जगणाऱ्या जनावराला झाडपाल्यातली विषं पचवावी लागत नाहीत, म्हणून लाखो वर्षांत ते हत्यार गंजून गेलं असावं, असा तर्क आहे. मग ती गोळी मांजराच्या अंगात दुसऱ्या वाटेनं जाते आणि त्यातून जे तयार होतं ते रक्ताच्या लाल पेशींवर तुटून पडतं. हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून न्यायचं थांबतं. रक्त तपकिरी होतं. धाप लागते. तोंड सुजतं. पंजे सुजतात.

शेवटची दोन वाक्यं बाईंनी उच्चारायच्या आधी मला माहीत होती.

मी वहीच्या समासात हिशेब केला. ठमी तीन किलोची धरू. पाचशेची गोळी, निम्मी म्हणजे अडीचशे. किलोमागे त्र्याऐंशी मिलिग्रॅम. एवढ्यात मांजर मरतं. याहून बऱ्याच कमी मात्रेतही मरतं. उतारा आहे, पण तो काही तासांच्या आत द्यावा लागतो. बोक्याच्या चाव्याचं गळू तर पुष्कळदा आपोआप फुटून वाहून जातं. म्हणजे मी गप्प राहिले म्हणून ठमी गेली नव्हती. आणखी चार दिवस मी गप्प राहिले असते तर ती कदाचित वाचली असती.

तेहेतीस वर्षांचं ओझं उतरलं म्हणून मला हलकं वाटायला हवं होतं. तसं वाटलंही, घरी गाडी चालवत येईपर्यंत. मग ध्यानात आलं की ओझं उतरलं नव्हतं, फक्त त्याचा धनी बदलला होता. अण्णा तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. दर रविवारी फोनवर विचारायचे, ‘‘काय कंपौंडरबाई, या आठवड्यात काय शिकलात?’’ त्या रविवारी मी त्यांना गिधाडांचं सांगितलं.

२०१८ सालच्या डिसेंबरात गावी गेले. अभ्यासक्रम संपत आला होता. तीन तासांची, १७० प्रश्नांची राष्ट्रीय परीक्षा उन्हाळ्यात होती. सांगायचं नाही असं मी ठरवूनच गेले होते. आठवड्याभरात तसा प्रसंगही आला नाही. मग एका सकाळी शेजारचा नववीतला मुलगा टोपलीत मांजराचं पिल्लू घेऊन आला. ‘‘आजोबा, हे काल रात्रीपासून फणफणलंय.’’ अण्णा उठले. भिंतीतलं कपाट उघडलं, औषधांचा तोच जुना बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला आणि मला म्हणाले, ‘‘चमचा आण गं. निम्मी पुरे ना?’’

‘‘अण्णा, नको.’’

‘‘का? माणसाची आहे म्हणून? पाव देऊ.’’

‘‘पावही नको. मांजराला ती चालत नाही. मरतं त्यानं.’’

ते पाकीट हातात धरून उभे राहिले. मी मुलाकडे बघत राहिले. पिल्लाचा ओठ वर करून हिरड्या बघितल्या, गुलाबी होत्या. मानेजवळ गळू लागलं. मुलाला सांगितलं, स्टँडमागे आता कुत्र्यामांजरांचा डॉक्टर बसतो, त्याच्याकडं घेऊन जा, गळू फोडून देईल. चल, मीही येते. अण्णा मागून म्हणाले, ‘‘थांब जरा.’’

‘‘ठमीला आपण दिली होती.’’

‘‘हो.’’

‘‘निम्मी.’’

‘‘हो, अण्णा.’’

‘‘तेव्हा हे कुणाला ठाऊक होतं का?’’

‘‘पुस्तकं लिहिणाऱ्यांना होतं. आपल्याला कोण सांगणार होतं?’’

ते डबा मांडीवर घेऊन झोपाळ्यावर बसले. स्वयंपाकघरात आईचा भांड्यांचा आवाज थांबला होता. बऱ्याच वेळानं अण्णा म्हणाले, ‘‘आणि आम्ही तुला बोल लावत होतो.’’ मी काही बोलले नाही. मुलगा टोपली घेऊन दारात ताटकळला होता, म्हणून मी चपला घातल्या आणि निघाले.

डॉक्टरकडं गर्दी होती, परतायला एक वाजला. आईनं पानं घेतली होती. अण्णा जेवताना नेहमीसारखं राजकारणावर बोलले. दुपारी डोकं दुखायला लागलं म्हणून मी कपाट उघडलं, तर डब्याच्या झाकणावर कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदाचा तुकडा खळीनं चिकटवलेला, अजून ओला. त्यावर त्यांच्या कचेरीतल्या वळणदार अक्षरात, लाल शाईनं दोनदा अधोरेखित करून लिहिलं होतं: ‘मांजरास देऊ नये.’